न सांडणाऱ्या पेल्याची झडप

हेमा : पेला आहे, झाकण आहे. झाकणातली झडप कुठाय? बाबा, झडप कुठाय?

(लखनौ, जानकीपुरममधलं स्वयंपाकघर. ओट्यावर हेमाने घडवलेला, लहान मुलांसाठीचा न सांडणारा सिलिकॉनचा पेला. चाचणी तिच्याच चौदा महिन्यांच्या मुलीवर, स्वरदावर चालू आहे; स्वरदा तिला सांभाळणाऱ्या सरलाच्या कडेवर आहे, आणि चाचणीप्रमुख आहेत हेमाचे वडील, गोपीनाथ. औषधांच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीत त्यांनी तीस वर्षं उंदरांना औषधं पाजली. एकाही उंदराच्या आईने त्यांना असा आवाज चढवून जाब विचारला नव्हता.)

गोपीनाथ : असेल इथेच. नखाएवढी तर आहे.

हेमा : नखाएवढी आहे म्हणूनच विचारतेय! सरला, बिटिया के मुँह में देखो, जल्दी!

सरला : देख लिया दीदी, उँगली डालके. काट भी लिया हमको. कुछ नहीं है.

हेमा : म्हणजे गिळली.

गोपीनाथ : असा एकदम निष्कर्ष काढू नये. आधी निरीक्षण...

हेमा : बाबा, ती उंदीर नाहीये!

सरला : दीदी, सबेरे दूध पीते में खाँसी आई थी. ज़ोर की.

हेमा : अगं, मग पहले क्यों नहीं बोली! बाबा, मी गाडी काढते. अलीगंजला, डॉक्टरांकडे. एक्स-रेत दिसेल ना?

गोपीनाथ : धातू असता तर दिसला असता. सिलिकॉनचं खात्रीने सांगता येत नाही.

हेमा : नाही दिसली तर?

गोपीनाथ : दुर्बीण घालतात. भूल देऊन.

हेमा : एवढ्याशा पोरीला भूल! सरला, उसे सीधा पकड़ो, लिटाना मत. किल्ली कुठे ठेवली मी?

गोपीनाथ : हेमा, थांब. झडप मी काढली होती. सकाळी सहाला.

हेमा : का?

गोपीनाथ : धुवायला.

हेमा : मग परत बसवलीत?

गोपीनाथ : बसवली.

हेमा : नक्की?

गोपीनाथ : ...बसवली असावी.

हेमा : असावी! अर्धवट बसवली असेल तर तिनं ओढल्याबरोबर सुटणार. आठवा, बाबा. पाया पडते. काढून कुठे ठेवलीत?

गोपीनाथ : ओट्यावर. नाही. गोळ्या घेताना हातात होती.

हेमा : तुमचा गोळ्यांचा डबा आणा.

गोपीनाथ : डबा मी बघतो गं. तू गाडी काढ.

हेमा : सरला, बाबूजी का दवाई वाला डिब्बा!

सरला : लीजिए.

हेमा : गुरुवारचा खण रिकामा. शनिवार... नाही. शुक्रवार... बाबा. ही बघा.

सरला : मिल गई? हे राम!

गोपीनाथ : उद्या सकाळी मीच गिळली असती. चष्म्याशिवाय घेतो मी गोळ्या.

हेमा : हसवू नका. झडप नव्हती म्हणून दूध भसकन आलं, म्हणून ठसका... बाबा, ही अर्धी पिवळी गोळी कसली? डबा दर रविवारी मी भरते. ही मी नाही ठेवलेली.

गोपीनाथ : व्हिटॅमिन.

हेमा : बाबा.

गोपीनाथ : ...हातासाठी आहे. कप उचलला की चहा बशीत येतो, बशीतला सदऱ्यावर. तुझ्या पेल्याने सदरा वाचतो. पण झडप असली की चहा चोखत बसावं लागतं. म्हणून काढतो.

हेमा : कधीपासून?

गोपीनाथ : चाचणी क्रमांक सव्वीसपासून.

हेमा : तुमचं चाचणीच्या वहीतलं अक्षर बारीक होत गेलंय. मला वाटलं, स्वरदा कोपर ओढते.

गोपीनाथ : ते मीच तुला सांगितलं होतं.

हेमा : डॉक्टर काय म्हणाले?

गोपीनाथ : दुखण्याचं नाव अजून सांगितलं नाही. सोमवारी बोलावलंय. मला वाटतं, नाही गेलो तर नाव पडणारच नाही.

हेमा : मी येणार.

गोपीनाथ : सोमवारी तुला चिनहटच्या कारखान्यात पेल्याचा साचा पक्का करायला जायचंय.

हेमा : साचा थांबेल. सुटी झडप ठेवायचीच नाही आता, झाकणातच ओतायची.

गोपीनाथ : आणि माझा चहा?

हेमा : तुमच्यासाठी वेगळं झाकण करते. ती वही द्या इकडे, आजची नोंद मी करते. वापरणाऱ्याचं वय?

गोपीनाथ : चौदा महिने.

हेमा : बाबा.

गोपीनाथ : ...चौऱ्याहत्तर वर्षं. पण पेन्सिलीने लिही.