ताबा घेणाऱ्याची सही

माननीय अध्यक्ष मुख्य अभियंता साहेब, व्यासपीठावरील वरिष्ठ मंडळी, पंपघरातले सहकारी, आणि शेवटच्या रांगेत माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या सासूबाई, सर्वांना नमस्कार.

मला भाषणं येत नाहीत, अहवाल येतात. म्हणून घडलं ते आधी क्रमाने सांगते.

एक. आम्हाला मुलगी झाली.
दोन. सहा महिन्यांनी माझी रजा संपली.
तीन. माझ्या यजमानांनी, म्हणजे तुमच्या मिस्त्रींनी, तिला सांभाळण्यासाठी वर्षभराच्या बिनपगारी रजेचा अर्ज केला.
चार. ‘ही रजा फक्त मातेसाठी’ असा शेरा घेऊन अर्ज परत आला.
पाच. त्यांनी राजीनामा दिला. तो महिनाअखेर लागू होईल; तोवर ते शिल्लक रजेवर घरी आहेत.
सहा. आजचा निरोप समारंभ.

मग मीच रजा का वाढवली नाही? हे मला जिन्यात, कँटीनमध्ये, लिफ्टमध्येसुद्धा विचारून झालंय. पंपांची जुनी अलार्म पॅनेल बदलायचं काम यंदा आहे आणि त्याचं प्रशिक्षण इथे माझ्या एकटीचं झालंय. तरी मी अर्ज लिहायला बसले होते. मिस्त्री म्हणाले, “पॅनेल तू बघ, पोरगी मी बघतो. दोन्ही विनाकारण किंचाळतात, पण पोरीचं मला कळतं.”

सासूबाई म्हणाल्या, “बाप्या माणसानं घरी बसायचं? लोक काय म्हणतील?”

आपल्याकडे शिफ्ट सोडताना वही भरतात आणि ताबा घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय कुणी जागा सोडत नाही. मिस्त्रींनी तीच वही घरी सुरू केली. ‘झोप दोन तास. दूध दोनदा. आवाज सतत, धोका नाही.’ मी घरी पोचले की आधी सही, मग मुलगी.

सासूबाईंनी ती वही वाचली. “अगं, लेकरू आहे की पंप?” आणि चार दिवसांनी त्याच वहीत त्यांच्या अक्षरात एक ओळ सापडली : ‘बापाजवळ खुशाल होती. मी नुसती बघत बसले.’ खाली सही. नंतर मला म्हणाल्या, “तुझ्या सासऱ्यांनी पोराला एकदाही आंघोळ घातली नाही गं. माणूस वाईट नव्हता. घालता येते, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.”

आमचं बरं चाललंय. फक्त मिस्त्रींना हे पंपघर सोडायचं नव्हतं. ते स्वतः बोलणार नाहीत, म्हणून मी उभी राहिले.

काल ते पद सोडण्याची नोंद करायला आले आणि त्यांनी इथली वही भरली. ‘ताबा घेणार’ हा रकाना कोरा आहे, कारण त्यांच्या जागी अजून कुणाची नेमणूक नाही. आपल्याच नियमाने पाहिलं, तर ते अजून जागेवर आहेत.

सहकाऱ्यांनी प्रेमाने दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळाबद्दल आभारी आहोत. निवृत्तीला देतात ते घड्याळ वयाच्या चौतिसाव्या वर्षी मिळेल असं वाटलं नव्हतं. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्यावं.

साहेब, रजेचा तोच अर्ज पुन्हा आपल्यासमोर ठेवते आहे. राजीनामा बाजूला ठेवून त्यावर विचार व्हावा आणि पंचवीस तारखेपर्यंत लेखी उत्तर मिळावं, ही विनंती. घड्याळ तोवर खोक्यातच राहील.