सोजरबाईची कंबर

(वळसंगजवळचं एक गाव. नव्या दवाखान्यात डॉ. अंकिता एकटीच. तिची काकी सोजरबाई डबा घेऊन आलेली.)

सोजरबाई : ...मग सकाळधरनं कुणीच आलं न्हाय म्हण की.

अंकिता : कुणीच कसं? चनबसप्पाकाका आले, मोबाईल चार्जिंगला लावून गेले. त्याआधी एक जण म्हैस आणू का विचारायला आला होता.

सोजरबाई : बघायची हुतीस की मग म्हैस. एवढी शिकलीस.

अंकिता : आणि काकी, वेशीवरचा माझा फ्लेक्स कुठं गेला? ‘गावचं भूषण’ लिहिलेला?

सोजरबाई : चनबसप्पानं नेला. कडब्यावर टाकलाय. लई जाड हाय, थेंब आत जात न्हाय बघ.

अंकिता : वा! गावात कडब्याची तरी तब्येत माझ्यामुळं सुधारली. आता बस. उभी का?

सोजरबाई : उभीच बरी हाय. काशम्मा समोरच्या कट्ट्यावर बसून हितंच बघतीय.

अंकिता : ती रोजच बघते. सिनेमा लागल्यासारखी. काल म्हटलं, ये, बीपी बघते, तर ‘बेडा बेडा’, नको नको करत हात पाठीमागं लपवले. मी काय चोर आहे का?

सोजरबाई : जेव आधी. शेंगाचटणी हाय.

अंकिता : जेवते. परवा सोलापूरला कशाला गेली होतीस?

सोजरबाई : टावेल आणायला.

अंकिता : टॉवेल! तुझा पोरगा अभिमन्यू एमआयडीसीत टॉवेलच विणतो. घरात हातरूण टॉवेलचं, पडदे टॉवेलचे. आणि तू एसटीनं टॉवेल आणायला सोलापूरला गेलीस.

सोजरबाई : ...रंग येगळा पायजे हुता.

अंकिता : काकी.

सोजरबाई : डॉक्टरकडं गेलते. कंबर दुखत हुती.

अंकिता : अस्सं. गोळ्या दिल्या?

सोजरबाई : दिल्या की. काशम्माला दिल्या त्याच. बसव्वाला बी त्याच.

अंकिता : तिघींची कंबर एकाच वेळी गेली! साथ आली म्हणायची गावात. सरकारला कळवायला पाहिजे.

सोजरबाई : थट्टा कर बाई. डॉक्टर झालीस.

अंकिता : कशी झाले, ते सांगू तुला? मला शिकवणारी ती परदेशी संस्थेची माणसं जगाचं आरोग्य सारखं करायला निघालेली. जिथं डॉक्टर टिकत नाही तिथलीच पोरं निवडायची, शिकवायची आणि परत तिथंच धाडायची. मुलाखतीत त्यांनी विचारलं, तूच कशाला? शहरातला डॉक्टर का चालत नाही? मी म्हटलं, माझी काकी पुरुष डॉक्टरला कंबर सांगते आणि दुखणं भलतंच असतं. म्हणून.

सोजरबाई : अगं बया! भर सभेत माझी कंबर काढलीस?

अंकिता : तुझ्या कंबरेवरच मला सीट मिळाली. साहेब लोकांनी माना डोलावल्या. एकानं तर डोळे पुसले. आणि इथं तू मला सोडून तसल्याच डॉक्टरकडं जाऊन तीच कंबर सांगून आलीस.

सोजरबाई : मग काय सांगू त्याला?

अंकिता : त्याला नको, मला सांग. घागर उचलली की पदर दातात धरायचीस. मी दुसरीत होते तेव्हापासून बघते. पिशवी उतरून अंग बाहेर येतंय ना तुझं?

सोजरबाई : हळू बोल की गं!

अंकिता : इथं ऐकायला पेशंट तरी आहे का कोण?

सोजरबाई : ...व्हय. येतंय.

अंकिता : मग माझ्याकडं का नाही आलीस?

सोजरबाई : त्या डॉक्टरला मी परत दिसणार न्हाय. तू दोन येळंला माझ्या हातची भाकरी खातीस. तुला दाखवलं, की वाढताना तू माझ्याकडं बघणार, मी ताटाकडं बघणार. तुझं ढुंगण धुतलंय मी अंके. मी तुझ्यापुढं अशी कशी पडू?

अंकिता : बरं. आणि बाकीच्या का येत नाहीत, माहीत आहे? बसव्वा म्हणाली, अंकीला सांगितलं की सोजरबाईला कळतंय, आणि सोजरबाईला कळलं की वळसंगच्या बाजाराला कळतंय.

सोजरबाई : मी? मी कुणाचं कधी काय सांगितलं?

अंकिता : काशम्माच्या सुनेचं सगळ्या पाणवठ्याला कुणी सांगितलं?

सोजरबाई : ते सांगणं न्हवं. ती काळजी.

अंकिता : त्या लोकांनी सात समुद्रापलीकडनं सगळा विचार केला बघ. भाषा आपली, माणूस आपलं, बाईला बाई डॉक्टर. फक्त दारात तू बसलेली असशील, एवढं त्यांना सुचलं नाही.

सोजरबाई : बोल, बोल.

अंकिता : बोलत नाही. पुण्याच्या हॉस्पिटलनं नोकरीला बोलावलंय, त्यांना संध्याकाळी फोन करायचाय. होकार कळवते. तिथं लिफ्ट आहे, एसी आहे, आणि पेशंट डॉक्टरला अंकी म्हणत नाहीत.

सोजरबाई : रागावलीस व्हय?

अंकिता : रागावले. आणि वाईट वाटतंय. एवढी वर्षं तुझ्यासाठी शिकले, आणि तुलाच माझी लाज वाटते.

सोजरबाई : तुझी न्हाय गं. माझी वाटती.

अंकिता : काकी, इथलं मी घरी आणत नाही. भाकरीपुढं बसले की मी अंकीच. चटणी तिखट झाली म्हणून भांडणारी.

सोजरबाई : ...बरं हुतंय का ह्ये?

अंकिता : बघितल्याशिवाय कसं सांगू? पण उपाय आहेत. ऑपरेशन लागलंच तर सोलापूरला मी बरोबर येईन. गोळ्यांनी मात्र होणार नाही.

सोजरबाई : तुझा फोन संध्याकाळी हाय न्हवं?

अंकिता : हो.

सोजरबाई : मग अजून येळ हाय. त्या टेबलावर चढायला पायरी कुटं हाय?

अंकिता : ही बघ. थांब, दार लावते.

सोजरबाई : दार नगं लावू. नुसता पडदा वढ. मी आत गेल्याली काशम्माला दिसू दे.

अंकिता : नंतर विचारेल ती, काय झालं म्हणून.

सोजरबाई : इचारू दे की.

अंकिता : काय सांगशील?

सोजरबाई : सांगीन, कंबर न्हवती म्हणून.