पंख्याकडून पहिला

लक्ष्मणराव : अगोदर ऐकून घे, मग हात लाव. अन् ते तपासायचं मशीन बाहेर काढूच नको, धम्मदीप. त्याचा डबा पाहिला तरी मले ओकारी येते आता.

धम्मदीप : नाही काढत, सर जी. बोला तुम्ही. मावशी, गाडीतून उतरा ना, कूलरसमोर बसा. केवढं उकडून राहिलं.

पार्वताबाई : मी नाही उतरत. मी उतरली की हे म्हणतीन, आता राहू दे, वापस घरी चाल. पोराची दोन दहाची गाडी आहे मदन महल स्टेशनवरून. तू हात चालव रे बाबू.

धम्मदीप : अश्वजीत चालला? कुठे?

पार्वताबाई : सुरतले. बँकेत बदली मागून घेतली त्यानं. सून राखी अन् लेकरू बी चाललं संग.

लक्ष्मणराव : मागून घेतली, ऐकलं? लोकं बदली रद्द करायले साहेबाच्या पाया पडतात, अन् आमचे चिरंजीव अर्ज करून मागून घेतात. मी हिले सोडायले चाललो फक्त. स्टेशनच्या बाहेर गाडीतच बसून राहीन, खाली उतरणार नाही.

धम्मदीप : मग मावशीला ऑटो करून देतो, लगेच मिळते इथे रिछाईत.

पार्वताबाई : मले एकटीलेच जायचं असतं तर सकाळी दहालेच नसती का निघाली ऑटोनं?

धम्मदीप : अच्छा. चलो, सर, सांगा. गाडी काय करते?

लक्ष्मणराव : मार्चपासून गचके खाऊन राहिली. चढ लागला की खोकलते, उभी असली की हिव भरल्यावानी थरथरते. सोळा वर्षं जुनी आहे, मान्य. पण जुनी झाली म्हणजे मेली का? पहिले गेलो घमापूरच्या एका पोट्ट्याकडे. त्यानं पान थुकलं, त्याच हातानं तोंड पुसलं अन् त्याच हातानं मशीन लावलं. म्हणे, बाऊजी, पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही. प्लग बदलून दिला. आठ दिवसांत तोच तमाशा. दुसरा मोठा एसीवाला. त्याचं काचेचं ऑफिस, आत फुलदाणी. त्याच्या नखाले काळं लागलेलं नाही अन् म्हणते मी मिस्त्री. त्यानं बी मशीन लावलं, त्यानं बी पहिलाच सांगितला, ठिणगी देणारी कॉइल बदलली. फरक शून्य. तिसऱ्यानं पेट्रोल फवारणारं इंजेक्टर बदललं अन् वरून मलेच विचारते, अंकल, विकणार का ही? वीट आला, बाप्पा. मिस्त्री मेले सारे, पुर्जे बदलणारे तेवढे उरले. फॅक्टरीत माझ्या हाताखाली आले असते ना, तर एकेकाले महिनाभर नुसते नट धुवायले बसवलं असतं.

धम्मदीप : मला तीन महिने बसवलं होतं, सर.

लक्ष्मणराव : म्हणून तू आज सोताचं गॅरेज चालवून राहिला.

धम्मदीप : सर, चार सिलिंडर आहेत. तिघांनी पण पहिलाच खोलला?

लक्ष्मणराव : मशीन पहिला म्हणते ना. मी सोता डोक्यावर उभा होतो. तिघांले बोट ठेवून दाखवलं, हा इंजिनच्या पंख्याकडचा, हा पहिला. बाकीच्या तिघांले हात लावायचा नाही. जे बिघडलं नाही ते खोलायचं नाही, हे मीच शिकवलं ना तुम्हाले?

धम्मदीप : तुम्हीच शिकवलं.

पार्वताबाई : एक वाजून दहा मिनिटं झाली.

धम्मदीप : सर, मशीन सोडून देऊ. तुमचीच जुनी पद्धत करू. इंजिन चालू ठेवून एकेकाची वायर काढतो. चांगल्याची काढली तर इंजिन अजून लंगडते. मेलेल्याची काढली तर त्याला फरकच पडत नाही.

लक्ष्मणराव : मले काय समजावून सांगून राहिला? कर. पंख्याकडून सुरू कर. पहिल्याची काढ, काहीच होणार नाही, पहा.

धम्मदीप : मावशी, हात लांब करून चाबी फिरवा जरा.

(इंजिन सुरू होतं आणि जागच्या जागी थरथरत राहतं.)

धम्मदीप : ही पंख्याकडची काढली. ऐका.

लक्ष्मणराव : थांब. हे तर बसत चाललं. बंद पडन, लाव, वापस लाव.

धम्मदीप : लावली. म्हणजे हा चांगला आहे, सर. हा दुसरा. बघा, लंगडलं. म्हणजे हा पण चांगला. तिसरा, हा पण. आता राहिला हा शेवटचा, गिअरबॉक्सकडचा.

लक्ष्मणराव : काढ मग.

धम्मदीप : काढली, सर. ही बघा, हातात आहे माझ्या.

लक्ष्मणराव : काहीच नाही झालं.

पार्वताबाई : मले बी काही फरक नाही वाटला.

धम्मदीप : हाच मेला आहे. बंद करा, मावशी. प्लग काढतो याचा. अरे देवा. सर, इकडे या, टॉर्च धरा. वरच्या झाकणाचं रबर फाटलंय. तेल झिरपून झिरपून प्लगच्या खड्ड्यात भरलं. प्लग बुडालाय पूर्ण.

लक्ष्मणराव : छी, छी. काय घाण आहे ही. नालीतला गाळ बरा याच्यापेक्षा. किती दिवसांचं असन?

धम्मदीप : महिन्यांचं आहे, सर. चार-पाच तरी.

लक्ष्मणराव : मग तिन्ही मशीनं खोटी? तिन्ही पहिला म्हणत होती.

धम्मदीप : मशीन खोटं नव्हतं.

लक्ष्मणराव : मग काय मी खोटा?

धम्मदीप : नाराज नका होऊ, सर. मागच्या वर्षी माझ्याकडे अशीच गाडी आली होती. मी पण दोन दिवस चुकीच्या बाजूला डोकं घालून बसलो होतो. या इंजिनात नंबर गिअरबॉक्सकडून मोजतात. पहिला म्हणजे हा. आपल्या फॅक्टरीच्या ट्रकात पंख्याकडून पहिला, तेच आपल्या हाडात बसलं.

लक्ष्मणराव : त्या तीन शहाण्यांले माहीत नव्हतं?

धम्मदीप : एखाद्याला असेल पण. तुम्ही डोक्यावर उभे, चौतीस वर्षांची नोकरी, बोट ठेवून सांगून राहिले. तुमच्यासमोर कोण बोलणार?

पार्वताबाई : एक जण बोलला होता.

लक्ष्मणराव : पार्वता, राहू दे.

पार्वताबाई : काहून राहू देऊ? चार महिने राहूच दिलं ना. दुखणं हाल्याले अन् इंजेक्शन पखालीले, अन् ज्यानं दुखणारा रेडा दाखवला त्याच्याच पाठीत दणका. धम्मदीप, जयंतीचा दिवस होता. चौदा एप्रिल. घरी पंचवीस माणसं जेवायले, राखीचे आईबाप बी होते. अश्वजीत ह्यांच्या कानाशी येऊन हळूच म्हणे, बाबा, मी गाडीचं पुस्तक वाचलं, पहिला नंबर दुसऱ्या बाजूनं आहे, एकदा तिकडे पाहू. एवढंच म्हटलं त्यानं. अन् ह्यांनी सर्व्यांसमोर...

लक्ष्मणराव : मी सांगतो. मी बोललो ते मलेच सांगू दे. मी म्हटलं, तुह्या हातानं जिंदगीत एक नट कसला गेला नाही अन् तू मले इंजिन शिकवतो? म्हटलं, मी हात काळे केले म्हणून तुले पांढरा शर्ट भेटला. म्हटलं, पुस्तक वाचून गाडी सुधरत असती तर सारे मास्तर गॅरेज खोलून बसले असते. लोकं हसले. त्याचा सासरा बी हसला. मले बरं वाटलं तवा, खोटं काहून बोलू?

पार्वताबाई : आठ दिवसांत अर्ज टाकला त्यानं. तवापासून घरी पाय नाही ठेवला. नातू चालायले लागला म्हणतात, मी फोनवरच पाहिला.

लक्ष्मणराव : जयंतीच्या दिवशी, धम्मदीप. भिंतीवर फोटोले हार घातलेला, अन् त्या फोटोखाली उभं राहून मी माह्या पोराले पुस्तक वाचलं म्हणून हसलो. मले शिसारी येऊन राहिली माहीच. हा गाळ इथं भरून होता अन् मी त्याच्याच बाजूले उभा राहून भलतीकडे बोट दाखवत राहिलो. ते पान थुकणारं पोट्टं बरं, त्यानं आपल्या लेकाले तर घराबाहेर नाही काढलं.

धम्मदीप : सर, जाऊ द्या. खड्डा पुसून काढला, नवा प्लग बसवला. रबर आणून ठेवतो, सोमवारी बदलू. आज स्टेशनपर्यंत आरामात जाल. मावशी, फिरवा चाबी.

पार्वताबाई : फिरवली. हं, थरथर गेली बाई.

धम्मदीप : ऐका, सर.

लक्ष्मणराव : ऐकून राहिलो. चारही चालले. पैसे किती द्यायचे?

धम्मदीप : सोमवारी बघू. एक तेहतीस झाले, निघा आता.

लक्ष्मणराव : पार्वता, मी इथूनच फोन लावतो त्याले. म्हणतो, तू म्हणत होता तिथंच निघालं. बस झालं ना तेवढं?

पार्वताबाई : फोनवर नाही. खाली उतरायचं अन् फलाटावर जायचं.

लक्ष्मणराव : राखी असन तिथं. तिचा बाप बी आला असन पोचवायले.

पार्वताबाई : असू द्या. तवा बी होता.

लक्ष्मणराव : तोंडावर नाही जमत वं मले. बाहत्तर वर्षांत मी कोणाले चुकलो म्हटलंच नाही. काय म्हणतात, कसं म्हणतात, मले येतच नाही.

पार्वताबाई : बसा गाडीत. अर्ध्या घंट्याचा रस्ता आहे. तवरक मले म्हणून पाहा.