पुढचा चिमटा

(सोलापूर, शुक्रवार पेठेतलं ‘गुरुबसप्पा सायकल मार्ट’. बुधवार, सकाळचे साडेदहा. गुरुबसप्पा वारले तेव्हापासून दुकान त्यांची मुलगी धनलक्ष्मी चालवते. वैदेही पुराणिक वडिलांच्या अपघाताचं कळल्यावर रविवारीच पुण्याहून आली. आज तिने मोडलेली सायकल टेंपोतून आणून दारात उतरवून घेतली आहे. तिच्या हातात छापलेला एक कागद आहे. स्टूल पुढे केलं तरी ती बसलेली नाही.)

वैदेही : मी बसायला आलेले नाही. एवढंच सांगा, गुरुवारी ही सायकल तुमच्या दुकानात आली होती की नाही?

धनलक्ष्मी : आली होती की. न्हाय कुटं म्हनलं मी?

वैदेही : जोडली कोणी?

धनलक्ष्मी : मीच. सरांनी रिक्षातनं खोकं आनलं. हितं फरशीवर उगडलं. चाक, हँडल, पायडल, ब्रेक, सगळं मी बसवलं.

वैदेही : बरं झालं, तुम्हीच म्हणालात. कारण रविवारी सकाळी विजापूर रस्त्यावर, कंबर तलावाच्या अलीकडे, ही अशी झाली. बाबा सदुसष्ट वर्षांचे आहेत. तोंडावर पडले. खांद्याचं हाड मोडलंय, हनुवटीला सात टाके, दोन दात गेले.

धनलक्ष्मी : ठाऊक हाय. तुमच्या शेजारच्या सावित्रम्मांनी सांगितलं. सोमवारी दवाखान्यात येऊन गेले मी. तुमी औषधं आनायला गेला होता. सर झोपले होते, म्हनून उटवलं न्हाय.

वैदेही : दवाखान्यात? कशाला?

धनलक्ष्मी : बगायला. मंद्रूपच्या शाळेत हेडमास्तर होते ते. मला धाव्वीला त्यांनीच भूमिती शिकवली.

वैदेही : बघायला, की ते काय सांगतात ते ऐकायला?

धनलक्ष्मी : झोपलेला मानूस काय सांगनार, ताई?

वैदेही : हे पाहा, मला भांडायचं नाही. बाबा म्हणतात, वाळूवरून घसरलो, तू त्या दुकानात जाऊ नकोस. दोनदा म्हणाले. आता घसरलेला माणूस दुकानाचं नाव कशाला काढेल? म्हणून मी आले. या कागदावर तुमची सही हवी आहे.

धनलक्ष्मी : वाचून दावा. माजा चष्मा आत हाय.

वैदेही : साधंच आहे. सायकलची जुळणी अमुक तारखेला या दुकानात झाली, ती कंपनीने नेमलेल्या माणसाने केलेली नाही, आणि जुळणीतल्या दोषाला दुकान जबाबदार आहे. खाली तुमचं नाव आणि शिक्का.

धनलक्ष्मी : ह्ये तुमी लिवलं?

वैदेही : कंपनीने पाठवलंय. रविवारपासून मी त्यांच्याशी बोलतेय. हे दिल्याशिवाय पुढचा विचारच होणार नाही म्हणाले.

धनलक्ष्मी : कोन बोललं? मानूस का मशीन?

वैदेही : चॅटवर होतं. नाव होतं त्याला.

धनलक्ष्मी : नाव काय, कुनालाबी देता येतंय. ताई, मी सही केली की कंपनी सुटली. त्यांचं मानूस सायकल बगायला बी येनार न्हाय. त्यांना सायकल कशी मोडली त्ये नको हाय, कुनाच्या अंगावर टाकायची त्ये पायजे.

वैदेही : आणि तुम्हाला तुमच्या अंगावरून काढायची आहे. दोघांचं बोलणं मला सारखंच वाटतंय.

धनलक्ष्मी : वाटंल की. मला एक करू द्या. मोडलेलं बगू द्या.

वैदेही : हात लावू नका. लांबून बघा.

धनलक्ष्मी : न्हाय लावत. तुमीच उचला. पुढचं चाक ज्याच्यात बसतंय त्याला आमी चिमटा म्हनतो. दोन पाय असतात त्याला. डावा पाय वरनं तुटलाय, बरोबर? आता तुटल्या जागंच्या वर बगा. लाल काय दिसतंय का?

वैदेही : लाल रेघ आहे. अर्धी. कंपनीची नक्षी असेल.

धनलक्ष्मी : तुटून लोंबतोय त्या तुकड्यावर बगा.

वैदेही : तिथेही आहे. उरलेली अर्धी.

धनलक्ष्मी : दोनी जुळवा.

वैदेही : गोल होतो.

धनलक्ष्मी : माज्या मार्करचा हाय त्यो. गुरुवारी काढलेला. सगळं जोडून झाल्यावर फडकं मारत हुते, तवा जोडावर केसावानी चीर दिसली. नखानं खरवडलं, तर नुसता रंग न्हवता, आत लोखंडाला गेलती. खोक्याचा एक कोपरा चेपलेला हुता, कुटंतरी आपटलं असंल. सरांना दिसावं म्हनून गोल मारला.

वैदेही : हे तुम्ही नंतरही काढलं असेल.

धनलक्ष्मी : कवा? सायकल पडल्यापासनं तुमच्या जिन्याखाली हाय, सावित्रम्माच म्हनल्या. आन तुमी उतरवल्यापासनं मी हात लावला का?

वैदेही : नाही.

धनलक्ष्मी : मग?

वैदेही : मग बाबांना सांगायला हवं होतं.

धनलक्ष्मी : सांगितलं की. चालवू नका, परत पाटवा, धा दिवसांत घेत्यात त्ये लोक, असं म्हनलं.

वैदेही : हे मात्र मी मानणार नाही. सायकल मी घेऊन दिली होती. असं काही असतं तर बाबांनी मला पहिला फोन केला असता.

धनलक्ष्मी : केला.

वैदेही : कधी?

धनलक्ष्मी : गुरुवारीच. ह्याच स्टुलावर बसून. त्यांना कमी ऐकू येतंय, स्पीकर लावून बोलतात. तुमी आत आल्या आल्या आवाज वळकला मी. नाव सांगायच्या आदीच.

वैदेही : गुरुवारी मी ऑफिसात होते. दिवसभर मीटिंगा होत्या.

धनलक्ष्मी : तेच म्हनला तुमी. मीटिंगमदी हाय, लवकर बोला.

वैदेही : आणि?

धनलक्ष्मी : सोडा ताई. झालं त्ये झालं.

वैदेही : नाही, सांगा. तुम्ही सांगताय ते खरं की खोटं हे मला त्यावरून कळेल.

धनलक्ष्मी : सर म्हनले, धनलक्ष्मी म्हनती चिमट्याला चीर हाय, परत करूया का? तुमी म्हनला, बाबा, दुकानवाले असंच म्हणणार. ऑनलाइन घेतलेली सायकल चांगली म्हणाले तर त्यांचं दुकान कसं चालेल? रंग उडाला असेल. आता चीर दाखवतील, मग त्यांच्याकडची महागातली घ्या म्हणतील. तुम्ही भोळे आहात. मग म्हनला, रविवारी तलावावर न्या आणि चालवतानाचा फोटो ग्रूपवर टाका, आत्याला पण दाखवायचाय.

(वैदेही हातातल्या कागदाची घडी घालते.)

धनलक्ष्मी : पानी देऊ का?

वैदेही : नको. आत्याचं तुम्हाला कळायचं काहीच कारण नाही.

धनलक्ष्मी : न्हाय.

वैदेही : मी म्हणाले असेन. म्हणजे म्हणाले. आठवतंय आता. समोर लॅपटॉप उघडा होता, अर्धं लक्ष तिकडे. चीर हा शब्द कानावर आला होता, पण मी दुकान एवढंच ऐकलं.

धनलक्ष्मी : आता बसा.

वैदेही : बसते. तुम्हाला वाईट वाटलं असेल, पण मी उगाच बोलत नाही. आठवीत होते तेव्हाची गोष्ट. सात रस्त्याजवळ एक दुकान होतं, तिथे मी हवा भरायला गेले. माणसाने व्हॉल्व्ह बघतो म्हणून मला पलीकडून पान्हा आणायला सांगितलं. मी वळून पाहिलं तर त्याने टायरमध्ये टाचणी टोचली. माझ्याकडे बघून हसला, आणि पंक्चर आहे बाळ, म्हणाला. मी घाबरून पैसे दिले. घरी कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर दुकानदार काही सांगायला लागला की मला त्याचे हातच दिसतात.

धनलक्ष्मी : असले हायत आमच्यात. चांगली ट्यूब काढून जुनी घालनारे बी हायत. माजा बाप शिव्या द्यायचा त्यांना.

वैदेही : म्हणून ऑनलाइन घेतली. पाचशे लोकांनी लिहिलेलं वाचलं. तीन रात्री वाचत होते. आई गेल्यापासून बाबा घराबाहेर पडत नव्हते. वर्ष झालं. पेपर वाचायचे, झोपायचे, उठून तोच पेपर वाचायचे. जेवायला म्हटलं तर भूक नाही म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, बाहेर काढा त्यांना. मी पुण्यात बसून काय काढणार? म्हटलं, मंद्रूपला असताना रोज सायकलवर जायचे, निदान सायकल तरी पाठवू. सायकल पाठवली की माझं काम झालं, असं वाटलं.

धनलक्ष्मी : हितं आले तवा लई खुशीत हुते. खोकं उगडताना मला म्हनले, बारीक पोरासारकं वाटतंय बग.

वैदेही : मग चीर माहीत असून चालवली कशाला? तुम्ही गोल काढून दाखवला होता. भूमिती शिकवलेला माणूस आहे, त्यांना कळलं नाही असं नाही.

धनलक्ष्मी : कळलं हुतं. फोन ठेवला आन म्हनले, पोरीनं एवड्या हौसेनं घेतली, परत केली तर तिला वाटंल बाबाला आपलं कायच पटत न्हाय. एकदाच तलावापातूर नेतो, फोटो काडतो, मग बगू.

वैदेही : आणि तुम्ही नेऊ दिली.

धनलक्ष्मी : व्हय.

वैदेही : सायकल तुमच्या ताब्यात होती. देत नाही म्हणायचं. शिष्या होतात ना त्यांच्या, हट्ट करायचा.

धनलक्ष्मी : ह्येच चार दिस झोपू देईना मला. तुमी सहीचा कागद आनला तवा वाटलं, बाईला कळलंच.

वैदेही : काय कळलं?

धनलक्ष्मी : वर बगा. आडव्या पायपाला काळा चिमटा लटकतोय.

वैदेही : हो.

धनलक्ष्मी : तुमच्या सायकलच्या मापाचाच हाय. एका गिऱ्हाइकाचा आनून ठेवलेला, त्यो आलाच न्हाय. सरांचा फोन चालू हुता तवा मी शिडी लावून वर चढलेच हुते त्यो काडायला. अर्द्या तासाचं काम. पैसे बी घेनार न्हवते. तेवड्यात तुमचं बोलनं आलं, दुकान कसं चालेल म्हनून. मी खाली उतरले.

वैदेही : रागाने.

धनलक्ष्मी : राग तर आलाच. अकरा वर्सं बापाच्या जागेवर बसते मी. पयल्यांदा लोक म्हनायचे, बाईमानूस काय सायकल करनार, आन साधं पायडल बी माज्या हातात देईनात. त्ये सगळं झालं, आन आता म्हनत्यात दुकानवाली हाय, फशिवनार. पन नुसता राग न्हवता. भ्याव बी हुतं. म्हनलं, ही पुन्याची बाई हाय, नेटवर दुकानाबद्दल लिवनारी हाय. मी माज्याकडचा चिमटा घातला आन कवातरी काय झालं, तर म्हनंल नवा काडून भंगार घातलं. तुमी माज्यावर संशय घेतला, मी तुमच्यावर. मदी सर.

वैदेही : मी लिहिलंही असतं.

धनलक्ष्मी : ठाऊक हाय.

वैदेही : खरं सांगते, टेंपोत बसून अर्धं लिहून ठेवलं होतं. दुकानाच्या नावासकट. बोर्ड दिसला की फोटो काढायचा आणि टाकायचं.

धनलक्ष्मी : टाकलं?

वैदेही : नाही अजून. पुसते. हे बघा.

धनलक्ष्मी : मला दावू नका. तुमी म्हनला, झालं. आन त्यो कागद द्या हिकडं. कोरी बाजू हाय न्हवं मागं? लिवते मी. चिमटा खोक्यातनंच चिरलेला आला, त्ये बी. मला दिसला तरी सायकल जाऊ दिली, त्ये बी.

वैदेही : दुसरं नका लिहू. पहिलं वाक्य पुरे आहे. दुसऱ्याला धरून ते तुमच्यावरच उलटतील.

धनलक्ष्मी : उलटू द्या. अर्द्यावर सही करनार न्हाय मी.

वैदेही : तुमचं नुकसान होईल.

धनलक्ष्मी : आन तुमी आला तवा काय फायद्याचं घेऊन आला हुता? थांबा, चष्मा आनते आतनं. तवर त्या लाल गोलाचा फोटो काडा, दोनी तुकडे जुळवून. चेपलेलं खोकं माळ्यावर हाय, त्याचा बी काडा. टाकलं न्हाय मी.

वैदेही : खोकं कशाला ठेवलंत?

धनलक्ष्मी : सर परत पाटवतील असं वाटत हुतं.

वैदेही : धनलक्ष्मीताई, बाबा विचारतील, कुठे गेली होतीस.

धनलक्ष्मी : मग? काय सांगनार?

वैदेही : काय बोलायला आले होते आणि काय ऐकलं, दोन्ही सांगेन. फोनवरचंसुद्धा. तुझ्यामुळे झालं असं ते मला म्हणणारच नाहीत, वाळूच म्हणत राहतील.

धनलक्ष्मी : सांजच्याला येऊ का मी? दुकान सातला बंद करते. रागवतील का?

वैदेही : या. पातळ काहीतरी आणा, दातांमुळे चावता येत नाही. माझ्या हातचं दोन घासांत पुरे म्हणतात.

धनलक्ष्मी : अंबील आनते. सायकलीवर परत बसतील का वो?

वैदेही : डॉक्टर म्हणाले, तीन महिने तरी नाव काढू नका.

धनलक्ष्मी : डॉक्टरचं न्हाय इचारलं मी.

वैदेही : काल पट्टी बदलताना मीही तेच विचारलं. बोलताना दुखतं त्यांना, तरी बोलले. म्हणाले, पडायच्या जरा आधी फार भूक लागली होती. वर्षभरात पहिल्यांदा.