सुनेची तक्रार

सून : बंद करा ते. बंद करा म्हणते ना, वकीलबाई!

वकीलबाई : केलं. अजून बरीच रेकॉर्डिंग आहेत. समोरच्या वकिलांनी सगळ्यांची प्रत पाठवली आहे.

सून : "सून मला उपाशी ठेवते." आई, हा आवाज तुमचा आहे. दुसऱ्या कुणाचा नाही.

सासू : माझाच आहे. मी कुठे नाही म्हणते?

सून : आणि वर तोंड करून सांगता!

सासू : अगं, मुलाशी बोलत होते मी. आई मुलाशी बोलते तशी. तो मेला ते रेकॉर्ड करून ठेवतोय, हे मला काय माहीत?

सून : म्हणजे चूक रेकॉर्ड करण्यात झाली. बोलण्यात नाहीच!

वकीलबाई : दोघी एकदम बोलू नका. आणि जरा हळू. बाहेर माणसं बसली आहेत.

सून : हळू कुणाशी बोलू? मी दिवसभर हॉस्पिटलच्या लाँड्रीत उभी असते. चादरी धुणारी मोठी मशीनं फिरत असतात तिथे, ओरडल्याशिवाय शेजारच्या बाईला ऐकू जात नाही. घरी यावं तर यांचा एक कान बंद. माझा आवाजच तसा झालाय.

वकीलबाई : शेजारणीनं तेच सांगितलंय. रोज आरडाओरडा ऐकू येतो म्हणून.

सासू : तिला म्हणावं, ते आमचं भांडण आहे, तुझं नाही. जेवणं झाली की आम्ही भांडतो आणि झोपतो. तिच्या पोटात का दुखतं?

वकीलबाई : मावशी, नीट ऐका. तुमच्या मुलानं संमतीनं घटस्फोट मागितलेला नाही.

सून : संमतीनं माग म्हणावं, आत्ता सही करते! लग्न झाल्यापासून हा पुलांच्या कामावर. आज या गावात, उद्या त्या गावात. घरी येतो तो पाहुण्यासारखा. गेला तर सुंठीवाचून खोकला गेला.

वकीलबाई : तेच तर. घटस्फोट ही यातली सोपी गोष्ट आहे. त्यानं अर्जात क्रूरता लिहिली आहे. बायको माझ्या म्हाताऱ्या आईचा छळ करते, असल्या घरात माझी मुलगी वाढू नये, तिचा ताबा मला द्या. खरं भांडण तुमच्या भिंगरीच्या ताब्याचं आहे.

सून : तिला कुठल्या मापाचा बूट लागतो, विचारा त्याला. ती अंधारात का झोपत नाही, विचारा.

सासू : पण लेकरू लहान असलं की आईकडेच देतात ना? सगळे तसंच म्हणतात.

वकीलबाई : बऱ्याचदा देतात. पण दगडावरची रेघ नाही ती. न्यायाधीश मुलीचं भलं कशात आहे ते बघणार. आई घरातल्या म्हातारीला कोंडून ठेवते, असं त्या म्हातारीच्याच तोंडून ऐकल्यावर त्यांनी काय समजायचं?

सून : कोंडून? हेही आहे त्यात?

वकीलबाई : आहे. "हिनं मला बाथरूममध्ये कोंडलं, मी दार बडवत होते."

सून : आई!

सासू : बडवत होतेच की मी दार.

सून : कडी तुम्ही लावलेली! आतून! ती अडकली आणि तुम्ही आत बोंबलायला लागलात. मी खांद्यानं दार तोडलं. तो खांदा अजून वर जात नाही माझा. ओल्या चादरींचा गठ्ठा उचलला की डोळ्यांसमोर काजवे चमकतात. आणि तुम्ही सांगितलंत, हिनं कोंडलं?

सासू : दार तू तोडलंस, तेही सांगितलं होतं त्याला.

वकीलबाई : ते रेकॉर्डिंगमध्ये नाही. तेवढं कापून टाकलं असेल. मूळ रेकॉर्डिंग मागवून घेऊ. खांदा डॉक्टरांना दाखवला होता?

सून : हो.

वकीलबाई : बरं झालं.

सून : काय बरं झालं? मला या बाईबरोबर एका घरात राहायचंच नाही. आज संध्याकाळी भिंगरीला घेते आणि बाहेर पडते.

वकीलबाई : अजिबात नाही. तिची शाळा तिथे, तिच्या मैत्रिणी तिथे. चाललेलं बरं चाललं असेल तर कोर्ट सहसा ते मोडत नाही. तुम्ही रागानं तिला घेऊन निघालात, तर मुलगी पळवली म्हणायला तो मोकळा. घर कुणाच्या नावावर आहे?

सासू : माझ्या. आणि मी हिला कुठे जाऊ देत नाही.

सून : तुम्ही कोण देणार? तुम्हीच माझ्या बुडाखाली आग लावलीत आणि आता म्हणता बस!

वकीलबाई : पाणी प्या आधी. दोघीही. मावशी, तुम्हाला आपण साक्षीदार म्हणून उभं करणार. सराव करू. समजा, मी तुमच्या मुलाची वकील. तुमची सून तुम्हाला जेवायला देत नाही, हे खरं आहे?

सासू : खोटं आहे. मीठ देत नाही. डॉक्टरनं बंद केलंय.

वकीलबाई : मग उपाशी ठेवते असं का म्हणालात?

सासू : महिनाभर अळणी खाऊन बघा, मग विचारा.

वकीलबाई : तिथे असली उत्तरं चालत नाहीत. सून तुमची औषधं लपवते, हे खरं?

सासू : उंचावर ठेवते. मी एकदा विसरून दोनदा घेतली होती म्हणून.

वकीलबाई : म्हणजे तुम्ही तुमच्या मुलाशी खोटं बोललात.

सासू : खोटं नाही. मीठमिरची लावली.

सून : घरात मीठ मिळेना म्हणून फोनवर लावलं!

वकीलबाई : तुम्ही गप्प बसा. मावशी, तेव्हा मीठमिरची लावणारी बाई आज सुनेच्या धाकानं तिची बाजू घेत नसेल कशावरून? तिच्या हातचं जेवता. औषधं तिच्या ताब्यात.

सासू : धाक? मला? मी कुणाच्या बापाला भीत नाही!

वकीलबाई : मग का सांगत होतात? एकदा नाही, दोनदा नाही. दर फोनला. का?

सासू : सवय लागली होती.

वकीलबाई : सवय हे उत्तर झालं नाही.

सून : सांगा ना. मलाही ऐकायचंय. एवढं काय वाईट केलं होतं मी तुमचं?

सासू : केलं होतंस. एकदा केलं होतंस. दाराशी उभी राहून म्हणालीस, तुमच्यासारखी आई असल्यावर मुलगा घरी कशाला येईल.

सून : मी रागात होते.

सासू : रागात होतीस, पण म्हणालीस.

वकीलबाई : हे कुठल्याच फोनमध्ये नाही.

सासू : नाहीच. सगळ्यात हे एवढंच खरं होतं आणि हे एवढंच मी त्याला सांगितलं नाही.

वकीलबाई : का?

सासू : तो म्हणाला असता, बरोबर बोलली ती, तर?

सून : मी चुकले त्या दिवशी. पण बाकीचं का? माझ्या नावानं हे सगळे खडे का फोडलेत?

सासू : अगं, बरी आहे म्हटलं की फोन ठेवायचा तो! "आई, कशी आहेस?" "बरी आहे." "बरं, ठेवतो." संपलं. मी नुसती फोनकडे बघत बसायची. एकदा सहज म्हटलं, सून मला टाकून बोलली. तर लगेच, "काय बोलली? कधी? मग तू काय म्हणालीस?" किती वेळ बोलत होता! मध्ये कामावरच्या माणसानं हाक मारली, तर त्याला म्हणाला, थांब रे, आईशी बोलतोय. कुणालातरी सांगितलं त्यानं, आईशी बोलतोय म्हणून. मग मी पुढच्या फोनसाठी काहीतरी जमवून ठेवायला लागले. दुसरं काय होतं माझ्याजवळ त्याला सांगायला? भिंगरीचं सांगावं, तर "बरं, बरं."

सून : आणि तो बोलत नव्हता तुमच्याशी. पुरावा गोळा करत होता.

सासू : आज कळलं.

सून : माझ्या अंगाचा तिळपापड झालाय, आई. त्याचा राग येतो. तुमचा त्याच्यापेक्षा जास्त येतो. चार शब्द गोड ऐकायला मिळावेत म्हणून माझी मुलगी पणाला लावलीत तुम्ही!

सासू : लावली. काय करशील? मार मला!

वकीलबाई : मावशी, हे असलं काही तिथे तोंडातून येता कामा नये. पण आधी जे सांगितलंत, ते सगळं तिथे सांगायचं. जसंच्या तसं.

सासू : कोणतं?

वकीलबाई : बरी आहे म्हटलं की फोन ठेवायचा, ते.

सासू : त्याच्या देखत?

वकीलबाई : तो समोरच बसलेला असेल.

सासू : आणि तिथले सगळे लोक?

वकीलबाई : तेही. नुसतं खोटं बोलले म्हणालात, तर समोरचे म्हणतील की सुनेनं पढवून आणलंय. का बोललात, ते सांगितलं तरच न्यायाधीशांना पटेल. दुसरा उपाय माझ्याकडे नाही.

सासू : म्हणजे चारचौघांत उभं राहून म्हणायचं, की माझ्या पोटचा मुलगा माझ्याशी बोलत नाही.

वकीलबाई : हो.

सासू : सून छळते म्हणून सांगताना जीभ अडखळली नाही माझी. याची लाज वाटते बघा.

सून : मी तुमच्या पाया पडणार नाही. सांगायचं तर सांगा. पण भिंगरी गेली ना, तर या जन्मात तोंड बघणार नाही तुमचं.

सासू : नको बघूस. मला तरी कुठे बघवणार आहे?

(सासूबाईंचा फोन वाजतो.)

सून : त्याचाच असणार. याच वेळेला येतो.

वकीलबाई : नका उचलू. थांबा, उचला. पण तो हेही रेकॉर्ड करतोय, लक्षात ठेवा. केसबद्दल एक अक्षर नको.

सासू : हॅलो... हो, मीच... बरी आहे... नाही रे, काही नाही बोलली ती... जेवते की, पोटभर जेवते... औषधं? वेळेवर देते... नाही, कुणी शिकवलेलं नाही, खरं तेच सांगतेय... आणि ऐक ना, भिंगरीला आता पोहता येतं. परवा तिनं पाण्यात काय गंमत केली माहितीये का, ती आधी काठावर... हॅलो?... हॅलो?

सून : काय झालं?

सासू : ठेवला.