बुलेटला साइडकार

मोशीतील फारूकभाईंच्या गॅरेजात माझ्या स्कूटरचे काम होईपर्यंत मी बाकावर बसलो होतो. शेजारी सोपानराव आणि त्यांच्या पत्नी हिराबाई होत्या. एक गुडघा वाकेनासा झाल्यामुळे हिराबाईंना दुचाकीवर मागे बसता येत नव्हते, म्हणून साइडकार जोडून घेण्याचा विचार चालला होता.

“फारूकभाई, पोराची शंभर सीसीची गाडी पडूनच हाय. तिलाच जोडा.”

“नाही जमणार, काका. तिची चासी हलकी आहे, पिळली जाईल. भरल्या साइडकारला ब्रेकही पुरणार नाहीत. तुमची बुलेट आणा.”

“बुलेट न्हाई.”

“का? दणकट चासी, कमी वेगातही भरपूर ओढ.”

“साइडकार लावल्यावर गाडी वळणावर झुकत न्हाई, व्हय ना?”

“नाही झुकणार. हँडलनंच वळवावी लागेल.”

“मग ती बुलेट कसली, राव? टेम्पो झाला तिचा.”

“अहो, ऱ्हाऊ द्या. मी जाईन बहिणीकडं रिक्षानं.”

“मागं रिक्षानं गेलीस तवा म्हणालीस, तुमच्यासंगं हिंडल्यावानी वाटलं न्हाई.”

“म्हणाले असंन.”

“काका, चहा सांगू?”

“चहा नगं. साइडकारची पायरी किती खाली घेता येईल?”

“कुठल्या गाडीला?”

“बुलेटला, आणि कशाला! हिचा उजवा गुडघा वाकत न्हाई.”

“डावा.”

“आँ?”

“डावा वाकत न्हाई माझा. मी कायम मागं बसलेली, तुमाला कसा दिसावा?”