दुकानदाराचा स्वतःचा कॅमेरा

रामाकोन्यात माह्या मावसबहिणीचं लगन होतं. तिनं हार उचलला अन् माह्या जुन्या कॅमेऱ्याचं शटरच अडकलं. तो फोटो गेला तो गेलाच, ती अजून विचारते.

म्हणून नवा कॅमेरा पाहाले पांढुर्ण्याले गेलो. दुकानातले काका लग्नाचे फोटोही काढत. ते एकेका मॉडेलचे गुण सांगून राहिले होते. मले मात्र दगा न देणारा पाहिजे होता.

म्हटलं, "काका, लग्नाचे फोटो तुमी सोता कायनं काढता?"

काकांनी खालच्या कप्प्यातून एक घासलेला कॅमेरा काढला. "यानं. इतके वर्सं झाले, एकदाही अडकला नाही."

"मंग हाच द्या ना."

काकांनी तो परत कप्प्यात ठेवला.

"हा विकाचा असता, बापू, तर बाकीचे तुले कायले दाखवले असते?"